सहाशेची बज्जी

हैदराबादने आपल्या तलावांना सागर म्हणायची सवय लावून घेतली आहे. हुसेनसागर, हिमायतसागर, उस्मानसागर. नुसती नावं ऐकली तर वाटावं, गावाच्या चारी बाजूंनी लाटा आपटतायत. दहावीतल्या निशिगंधाने आजवर या सगळ्या सागरांच्या कट्ट्यांवर बसून मक्याची कणसं खाल्ली होती आणि खरा समुद्र मात्र फक्त मोबाइलवर पाहिला होता. तोही उभा, कारण रील उभी असते.

तिच्या तिन्ही मैत्रिणींची तीच रड. गौरी पुण्याची, बाबांच्या आयटीच्या नोकरीपायी इकडे आलेली. तिने अलिबाग पाहिलं होतं, पण तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि फोटोत भोकाड पसरून बसली होती, म्हणून ते धरायचं नाही असं एकमताने ठरलं होतं. नाझनीनच्या घरचे सुट्टी लागली की गुलबर्ग्याला जायचे, आणि गुलबर्ग्याला समुद्र असता तर उन्हाळ्यात तोही आटला असता, असं ती स्वतःच म्हणायची. सगळ्यात कहर सत्यवतीचा, म्हणजे सत्याचा. तिची सख्खी मावशी, तिची पिन्नी, विशाखापट्टणमला राहते. घरातून चपला घालून निघालं की समुद्र. तरी सत्या कधी गेली नव्हती. दर सुट्टीत काहीतरी आडवं यायचंच.

यंदा मात्र जायचं ठरलं होतं. दहावीची परीक्षा संपली की चौघींनी निघायचं. सत्याची अम्मम्मा, आईची आई, दर उन्हाळ्यात धाकट्या लेकीकडे जातेच, ती सोबत नेणार होती. राहायला पिन्नीचं घर. खर्च काय तो रेल्वेचा आणि खाण्याफिरण्याचा. अम्मम्मा आहे म्हटल्यावर चारही घरांनी हो म्हटलं, आणि चारही घरांनी जणू आधी बैठक घेतल्यासारखी एकच अट घातली: पैसे तुमचे तुम्ही जमवा.

निशीला घाई होती ती वेगळ्याच गोष्टीची. जूनमध्ये सत्या विजयवाड्याच्या इंटर कॉलेजच्या हॉस्टेलात जाणार होती. इकडे अकरावी-बारावीला इंटर म्हणतात, आणि इंटरचं हॉस्टेल म्हणजे काय ते इकडच्या पोरांना विचारावं. फोन नाही, रविवार नावाला, पहाटेपासून गणितं. सत्या आणि निशी बालवाडीपासून एका बाकावर बसत आलेल्या. सत्याला मराठी येत होतं तेसुद्धा निशीच्या घरी जेवून जेवून. जूननंतर बाकाची उरलेली अर्धी बाजू कोण भरणार, हा विचार निशीने कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता. तिने फक्त मनाशी धरलं होतं की जूनच्या आधी एकदा तरी आपण चौघी एका वाळूत उभ्या राहणार. तेवढं झालं की पुढचं पुढे.

आता पैसे कसे जमवायचे. गौरी म्हणाली, सोपं आहे, दर महिन्याला माझ्या बाबांच्या खात्यात टाकू. निशीने ते ऐकून घेतलं आणि नाक मुरडून उडवून लावलं. निशीला बोलायची चटक लागली होती. आठवीपर्यंत हजेरीला ओ देतानाही जिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे, तिचा नववीत वक्तृत्वात दुसरा नंबर काय आला, तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत तिचं एक मत असे आणि ते सगळ्या वर्गाला ऐकू जात असे. तिने जाहीर केलं की आपण चिट्टी लावायची. तिच्या आईसारखी.

निशीची आई शोभा नल्लकुंट्यात निशी जन्मायच्या आधीपासून चिट्टी चालवते. गौरीच्या घरी याला भिशी म्हणतात. तिथे डब्यातून चिठ्ठी काढून नंबर लावतात आणि मग साबुदाणा वडे खातात. शोभाच्या चिट्टीत वडे नसतात. तिथे पाट होते, म्हणजे बोली, पण उलटी. सगळ्या बायांनी हप्ता भरला की जमलेली रक्कम मधोमध ठेवायची. जिला घाई असेल ती म्हणते, मी यातले इतके सोडते, उरलेले मला द्या. दुसरी म्हणते, मी त्याहून जास्त सोडते. जी सगळ्यात जास्त सोडते तिची चिट्टी, आणि तिने सोडलेले पैसे सगळ्यांत वाटून टाकायचे. एकदा उचलली की पुन्हा उचलता येत नाही, हप्ते मात्र शेवटपर्यंत भरायचे. आणि एक नियम कुठेही न लिहिलेला, पण सगळ्यांत कडक: उचलणारीला कारण विचारायचं नाही. पोरीचं लग्न असो, नवऱ्याची उधारी असो की नुसती साडी असो. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात डोकावणं.

निशीने हे सगळं हातवारे करून असं काही समजावलं की नाझनीन म्हणाली, बास री, मेरेकू अब्बीच उठानी है. ठरलं. महिन्याला पाचशे, चौघींचे दोन हजार. चार महिने, चौघींचा एकेकदा नंबर. सोडलेले पैसे वाटून घेण्याऐवजी त्यांची पार्टी. फेब्रुवारीत प्रत्येकीने आपले पैसे घेऊन हजर व्हायचं, मधल्या काळात कुणी त्यांचं काय करते ते विचारायचं नाही. हा शेवटचा नियम सांगताना निशीने आईसारखा पदर सावरल्याचा अभिनय केला होता. अंगात शाळेचा चुडीदार असूनही.

पहिली पाट गौरीच्या गच्चीवर झाली, ऑक्टोबरात. नाझनीनने शंभर सोडले. गौरीने भीतभीत दीडशे. मग सत्या, जी तोपर्यंत टाकीला टेकून गप्प बसली होती, एकदम सहाशे म्हणाली.

तिघींनी टाळ्या पिटल्या. निशीने गंभीर चेहऱ्याने तीनदा पुकारा केला आणि उरलेले चौदाशे सत्याच्या हातात ठेवले. पोरीला पाटेचा जोश चढला, असंच सगळ्यांना वाटलं. सोडलेले सहाशे त्याच संध्याकाळी उडवले गेले. आधी कोपऱ्यावरच्या बंडीवरची मिरची बज्जी, मग कट मिरची, मग इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं, मग फालुदा, आणि तरी उरले म्हणून परत येऊन पुन्हा बज्जी. सत्या त्या दिवशी चष्मा घरी विसरून आली होती. प्लेटमधली मिरची कुठली आणि बटाटा कुठला हे तिला दिसेना. ती प्रत्येक बज्जी डोळ्यांशी नेऊन बघायची आणि बाकीच्या हसून हसून लोळायच्या. सत्याही हसली. तिने सगळ्यांबरोबर पोटभर खाल्लं.

पुढच्या पाटा मिळमिळीत झाल्या. नोव्हेंबरात सत्याच्या नाकावर नवा चष्मा होता, तपकिरी, गोल, आणि सगळा वेळ तिला प्रिन्सिपॉल मॅडम म्हणण्यात गेला. गौरीने शंभर सोडून चिट्टी उचलली. डिसेंबरात नाझनीनने दोनशे सोडले. निशी कधी बोलीच लावायची नाही. शेवटचीला विरोधात कुणी उरत नाही, तिला अख्खी चिट्टी मिळते, हे तिने आईकडे पाहून हेरलं होतं आणि या हुशारीवर ती स्वतःच खूश होती. जानेवारीत अख्खे दोन हजार तिच्या कंपासपेटीत आले.

फेब्रुवारी उजाडला. गौरीचे बाबा मंदारकाका तिकिटं काढून देणार होते. त्यांनी सांगितलं की हव्या त्या तारखेचं बुकिंग रविवारी सकाळी उघडेल, उन्हाळ्याच्या गाड्या हां हां म्हणता भरतात, तेव्हा शनिवारपर्यंत नावं, वयं आणि पैसे माझ्याकडे आले पाहिजेत. 

शनिवारी मधल्या सुट्टीत, डबा उघडता उघडता, सत्या म्हणाली की ती येत नाहीये.

निशीला आधी वाटलं ती चेष्टा करतेय. पण सत्या भातात पप्पू, म्हणजे वरण, कालवत होती आणि मान वर करत नव्हती. तुम्ही तिघी जा, ती म्हणाली. अम्मम्मा नेईल, मी पिन्नीला सांगून ठेवते, ती छान चेपल पुलुसू करते, माशाची आमटी, खाऊन या.

तिच्या पिन्नीकडे, तिच्या अम्मम्माबरोबर, तिला सोडून. निशीने का म्हणून विचारलं. सत्या म्हणाली, असंच. असंच हा शब्द ज्याने कुणी शोधून काढला त्याला निशीने मनातल्या मनात हुसेनसागरात बुडवला. परीक्षेचं टेन्शन? नाही. घरून नाही म्हणाले? नाही. मग पैसे कुठायत तुझे, चौदाशे, ते तर आण.

"आत्ता नाहीत."

"नाहीत म्हणजे? काय केलंस त्यांचं?"

सत्याने डब्याचं झाकण लावलं. "कारण विचारायचं नाही ना? तूच म्हणालीस."

आणि उठून नळावर हात धुवायला गेली. निशीला जन्मात पहिल्यांदा स्वतःचा वक्तृत्वाचा नंबर परत करावासा वाटला.

उरलेला शनिवार म्हणजे नुसती चिडचिड. भौतिकशास्त्राच्या तासाला सरांनी निशीला आरशाचं सूत्र विचारलं आणि तिने रागाच्या भरात भिंगाचं सांगितलं. शाळा सुटल्यावर गौरीने तोंड उघडलं. तिचं म्हणणं सरळ होतं: सत्याने पैसे उडवले आणि आता तोंड लपवतेय. उचलताना बरी सहाशे सोडून उचलली. आणि तरी मी म्हटलं होतं, बाबांच्या खात्यात टाकू. हे वाक्य तिने रस्ता संपेपर्यंत चार प्रकारे म्हटलं. निशी म्हणाली, सत्या तशी नाही. मग कशी आहे, गौरीने विचारलं. निशीने रस्त्यातला दगड लाथाडला. नाझनीन दोघींच्या मधून चालत कधी हिला हौ म्हणायची, कधी तिला हौ म्हणायची, शेवटी वैतागून म्हणाली की तुम दोनों ट्रेन में बी ऐसाच करेंगे तो मैं नक्को आती. म्हणजे आता तीही गळायच्या बेतात.

रविवारी सकाळी मंदारकाकांचा फोन आला. निशी म्हणाली, काका, थोडं थांबा. तासाभराने पुन्हा आला. जागा कमी व्हायला लागल्यात गं, ते म्हणाले, तुम्हा मुलींची तीन काढू का चार? निशी पुन्हा म्हणाली, थांबा. तीन म्हणायला तिची जीभ रेटेना, आणि चार म्हणायला तिच्याकडे चौथी नव्हती. घरात बसून जागा संपत चाललेल्या ऐकणं म्हणजे बादलीला भोक पडलंय आणि आपण कोरड्या हाताने बघत बसलोय, असलं काहीतरी होतं.

त्यात महिन्याचा पहिला रविवार. पुढच्या खोलीत आईची चिट्टी भरली होती. निशी स्वयंपाकघरात आदळआपट करत चहाचे कप भरत होती. बाहेर एका बाईने भलीमोठी रक्कम सोडून चिट्टी उचलली. सगळ्यांनी आपापला वाटा पर्समध्ये टाकला आणि एकीने उन्हाळा यंदा लवकर आला असा विषय काढला. कारण कुणी विचारलं नाही. निशी ट्रे घेऊन दारात उभी होती. त्या बाईने आपल्या पर्सची साखळी दोनदा ओढली, दोनदा ती अडकली. निशीला उगाच गच्चीवरची पाण्याची टाकी आणि तिला टेकून बसलेली सत्या आठवली.

बाया गेल्यावर तिचा बांध फुटला. आईने कप विसळता विसळता सगळं ऐकलं. चिट्टीचं ऐकून ती आधी हसायलाच लागली.

"तुम्हा चौघींना पैसे कधी लागणार होते?"

"फेब्रुवारीत. तिकिटाला."

"चौघींनाही?"

"हो."

"मंग पाट कशाला लावली गं येडे? चिट्टी असते ती वेगवेगळ्या वक्ताला अडणाऱ्या बायांची. आज ही अडली, उद्या ती अडल. तुम्हाला सगळ्यांना एकाच दिवशी पाहिजेत, तर डबा घ्यायचा, त्यात टाकत जायचं. संपलं."

गौरी हेच म्हणाली होती, आणि ते गौरीला कळता कामा नये एवढंच तिला त्या क्षणी सुचलं. मग ती हट्टाने म्हणाली की ते राहू दे, पण नियम तर बरोबर होता ना, उचलणारीला विचारायचं नाही.

आईने नळ बंद केला. "त्या बाया माझ्या मैत्रिणी हायेत का? चिट्टीवाल्या हायेत. अडलेल्या चिट्टीवालीला विचारू नये, तिची अब्रू राहते. मैत्रीण अडली तर विचारतात." ती पदराला हात पुसत थांबली. "आणि सत्याने हप्ते बुडवले का?"

निशी बोटांवर महिने मोजायला लागली.

नव्हते बुडवले. एकही नाही. सत्याने दर महिन्याला पाचशे आणून दिले होते, तेही सुट्या नोटांत, आणि निशीने चिट्टीवालीच्या थाटात ते मोजून घेतले होते. म्हणजे चौघींनी सारखेच भरले. निशीला भरले तेवढे सगळे परत मिळाले. गौरीला थोडे कमी, नाझनीनला थोडे कमी. सत्याला सहाशे कमी. आणि ते सहाशे कुठे गेले होते तेही निशीला चांगलं माहीत होतं. चव अजून आठवत होती.

ती चपला घालून निघाली. अंबरपेठ काही लांब नाही, पण रविवारच्या बाजाराने रस्ता तुंबला होता आणि प्रत्येक पेरूवाला नेमका तिच्याच वाटेत गाडा लावून उभा होता. चालता चालता तिने सत्याला काय काय ऐकवायचं याचं पाठांतर केलं. पहिला भाग माफीचा होता, दुसरा ओरडण्याचा. पोचेपर्यंत दुसराच लांबला होता.

सत्या जिन्याच्या पायरीवर बसून कुणाच्यातरी विज्ञानाच्या रेकॉर्ड वहीत माणसाची पचनसंस्था काढत होती. शेजारी आणखी चार वह्यांची चळत.

"हे कुणाचं?"

"नववीतल्या पोरांचं. एका चित्राचे वीस."

"हप्ते ह्यातून भरलेस?"

"दोन. एक संक्रांतीला ताताने दिले त्यातून." सत्याने जठराला छाया द्यायला सुरुवात केली. तिच्याकडे ताता म्हणजे आजोबा आणि नान्ना म्हणजे वडील. "तिकिटाचेपण होतील वाटलं होतं. पण आता परीक्षा आली, बरीच पोरं आपापली चित्रं काढायला लागली. नाही झाले."

निशी पायरीवर बसली. पाठ केलेलं सगळं विसरलं होतं. तिने नुसतं विचारलं, "ऑक्टोबरात काय झालं होतं?"

सत्याने पेन्सिल खाली ठेवली आणि बोटाने आपल्या चष्म्याच्या काडीवर टकटक केलं.

"हे झालं होतं. आधीच्यावर बसले मी. वर्षात तिसरा. नान्ना म्हणाले होते, आता फोडलास तर तशीच बस फळ्यासमोर. मी त्यांच्यापुढे शपथ घेतली होती की डबीत ठेवीन. तर डबीत ठेवला नव्हता. पुढच्याच आठवड्यात युनिट टेस्ट होती. फळ्यावर प्रश्न लिहिणार होते. मला सहाशे काय, हजार सोडायला लागले असते तरी सोडले असते."

तपकिरी, गोल. चार महिने डोळ्यांसमोर होता. प्रिन्सिपॉल मॅडम म्हणून त्याचं नाव ठेवून झालं होतं. निशीला आधी लाज वाटली, आणि लगेच तिच्या मागोमाग राग आला, कारण लाजेपेक्षा राग तिला जास्त चांगला जमायचा.

"सांगायचं ना पण मला. मला तरी."

"तू नियम केलास. इतकी खूश होतीस." सत्या शांतपणे म्हणाली. "सहाशे मी सोडले, तुम्ही बज्जी खाल्ली. मीपण खाल्ली. चांगली होती."

निशी म्हणाली की ते सहाशे आम्ही तुला परत देणार. सत्या म्हणाली, नक्को. निशी म्हणाली, मग माझ्यातले घे. सत्या म्हणाली, नक्को म्हटलं ना, मी चिट्टीत सोडले, चिट्टी म्हणजे चिट्टी. निशी म्हणाली, मग मीपण जात नाही. सत्या म्हणाली, नको जाऊ. आणि वही पुढे ओढून आतडी काढायला लागली. लहान आतडं असं गुंतवळासारखं काढत राहिली, निशीकडे न बघता. खालून कुणीतरी कुकरच्या तीन शिट्ट्या काढल्या. निशीला वाटलं, हिची वही घ्यावी आणि जिन्यावरून खाली भिरकावून द्यावी. आईचं म्हणणं ठीक होतं, मैत्रिणीला विचारतात. विचारलं तर होतं. पण मैत्रीण गाढवासारखी हट्टी असेल तर काय करतात, ते आईने सांगितलं नव्हतं.

मग तिला सुचलं. सुचलं म्हणजे तोंडातून आधी बाहेर पडलं आणि मग तिने स्वतः ऐकलं.

"चिट्टी म्हणजे चिट्टी ना? मग दुसरी चिट्टी लावू. आजपासून. पाट नाही. पहिली तुझी."

सत्याची पेन्सिल थांबली.

चौघींनी पुन्हा पाचशे भरायचे, निशी भराभर सांगायला लागली, ती आत्ताची चिट्टी अख्खी सत्याची. देणगी नाही, उपकार नाहीत, तिचा नंबर पहिला एवढंच. बाकीच्या तिघींचे नंबर नंतर, तेव्हा सत्याने हप्ते भरायचे, जसे मागे भरले तसे.

"नंतर कधी? जूनमध्ये मी जाणार."

"माहीत आहे मला." निशी आणखी मोठ्याने बोलली. "दसऱ्याच्या सुट्टीत एक. संक्रांतीला एक. पुढच्या उन्हाळ्यात एक. हातात आणून द्यायचा. कुणाबरोबर पाठवायचा नाही, फोनवरून तर नाहीच. चिट्टीत तसं चालत नाही."

"तुझ्या आईच्या चिट्टीत फोनवरून चालतं."

"माझ्या आईच्या चिट्टीतल्या बाया विजयवाड्याला जात नाहीत."

सत्याने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत लावला, आणि शेजारची वही उचलून निशीच्या मांडीवर टाकली. म्हणाली, ह्यात मूत्रपिंड काढायचंय, बाहेरची रेघ तरी नीट काढ, उद्याचा हप्ता त्यातून येणार आहे.

गौरीला पटवणं सोपं गेलं नाही. फोनवर ती आधी म्हणाली की मी म्हटलं होतं. मग म्हणाली की आणखी पाचशे मी कुठून आणू. मग निशीने चष्म्याचं सांगितलं तेव्हा शेवटी म्हणाली, ठीक आहे, पण पैसे माझ्या बाबांच्या खात्यात. निशीने दात खाऊन हो म्हटलं. नाझनीनला काहीच समजावावं लागलं नाही. ती म्हणाली, मैं बी खाई ना बज्जी.

संध्याकाळी सगळ्या गौरीच्या घरी जमल्या आणि मंदारकाकांनी चौघींची आणि अम्मम्माची नावं भरली. जागा केव्हाच संपल्या होत्या. वेटिंग आलं, आणि तेही असं लांबलचक की गौरीने तो आकडा वाचून दाखवला तेव्हा नाझनीनला तो फोन नंबर वाटला. होईल कन्फर्म, मंदारकाका म्हणाले, लोक रद्द करतात. मग डोकं खाजवून म्हणाले, नाहीही होणार. सकाळीच चार म्हणाली असतीस तर, असं ते निशीला म्हणाले नाहीत, पण गौरी म्हणाली. दोनदा.

चौघी खाली उतरल्या तेव्हा कुणाचंच तोंड धड नव्हतं. गौरी तारीख बदलून बघू म्हणत होती, निशी तारीख बदलली तर अम्मम्मा थांबणार नाही म्हणत होती, नाझनीन दोघींना हौ म्हणत होती. कोपऱ्यावर बंडीवाल्याने नुकता पहिला घाणा काढला होता. त्याने ओळखून हाक मारली. निशीने मान हलवली. आज पार्टी नाही, आज कुणी काही सोडलं नव्हतं.

सत्याने बॅगेतून दोन चुरगळलेल्या नोटा काढल्या. "पचनसंस्था आणि मूत्रपिंड मिळून चाळीस आलेत," ती म्हणाली. "एक प्लेट."

एका प्लेटमध्ये पाच बज्ज्या आल्या. चौघींनी एकेक उचलली, फुंकर मारली, तोंडं भाजून घेतली आणि वेटिंगवरून भांडण पुन्हा जिथलं तिथे सुरू केलं. पाचवी मधोमध एकटी पडून राहिली. सगळ्यांचं लक्ष तिच्यावर होतं.

"पाट लावायची का?" गौरी म्हणाली.

तिच्या पाठीत एकदम तीन धपाटे बसले.